पापकबुलीपूर्व छाननी यंत्राविषयी

कोणतीही धर्मसंस्था टिकते ती श्रद्धेवर नव्हे, रांगेवर. जिथे रांग नाही तिथे देव असला तरी लोक थांबत नाहीत. आमच्या चर्चमध्ये दर शनिवारी पापकबुलीला दोन तासांची रांग लागे, यावरून आमची धार्मिक पातळी लक्षात यावी.

अशा सुस्थितीत फादर आमच्याकडे बदलून आले. फादर बायबलचे गाढे अभ्यासक. एकवीस वर्षे खपून त्यांनी त्यातले प्रत्येक वाक्य संगणकात घातले आणि ते कोण बोलले, कोणाला, कोणाविषयी, याची चार खंडांची सूची केली. (ती आजवर सहा जणांनी वाचली असून त्यांपैकी दोघे आता एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.) इतक्या विद्वान माणसाचे करायचे काय, हे वरिष्ठांना न सुचल्याने आमचे चर्च त्यांच्या गळ्यात मारण्यात आले.

पहिल्याच महिन्यात फादरांनी घड्याळ लावून पाहिले. सरासरी कबुली अकरा मिनिटे चालते. त्यातली चाळीस सेकंद स्वतःच्या पापाला मिळतात. बाकीचा वेळ नवरा, सून, शेजारी आणि आमच्या गायकवृंदाच्या पापांत जातो. (गुपिताचा नियम सरासरीला लागू नाही, असा फादरांचा अभ्यासपूर्ण निर्वाळा आहे.)

"ही माणसं कबुली देत नाहीत, चहाड्या करतात," फादर स्वयंपाकीणबाईंजवळ कुरकुरले.

"मग ऐकून घ्यायचं. ऐकल्यानं काय अंगाला भोकं पडतात?" बाई म्हणाल्या.

विद्वानाला ऐकून घे म्हटले की तो यंत्र बनवतो. एक जुना संगणक, एक माइक आणि पावती छापणारा डबा फादरांनी दाराजवळच्या छत्र्यांच्या कोपऱ्यात मांडला. त्यापुढे बसून आपले पाप सांगायचे. ते कोणाचे आहे हे यंत्र ओळखते, कारण कोण कोणाविषयी बोलतो हे त्याने चार खंड पचवून शिकलेले. पाप स्वतःचे निघाले तर पावती मिळते. पावती दाखवली की फादरांकडे प्रवेश. नाहीतर यंत्र म्हणते, "ही नोंद दुसऱ्याची आहे. कृपया स्वतःची सांगा." यंत्र काहीही साठवून ठेवत नाही. फक्त कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांच्या सोयीसाठी त्याचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे पाप गुप्त राहून निकाल शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे.

पहिल्या महिन्यात दोनशे बारा जण बसले. पावत्या निघाल्या नऊ. त्यांतल्या पाच लहान मुलांच्या. मुलांना दुसऱ्यांची पापे अजून पुरेशी ठाऊक नसतात. (चर्च समितीचा चिटणीस या नात्याने हे मी लिहीत आहे. चिटणिसाचा निकाल येथे देण्याचे प्रयोजन नाही.) रांग उरलीच नाही. मी बिशपांना अहवाल पाठवला: "पापाचे प्रमाण शहाण्णव टक्क्यांनी घटले."

बिशप हरखले. एक्केचाळीस चर्चमध्ये यंत्र बसवायचे आणि फादरांना मुख्य कार्यालयात स्वतंत्र खोली, दोन मदतनीस द्यायचे ठरले. आयुष्यभर सातव्या वाचकाची वाट पाहिलेल्या माणसाला हे स्वर्गाहून दोन बोटेच कमी. अट एकच: समितीसमोर खुद्द फादरांनी प्रात्यक्षिक द्यावे. एखादे किरकोळ पाप चालेल, असेही बिशपांनी सुचवले.

फादर बसले. "माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं माझ्याशी बोललेला नाही."

यंत्राने ते खणखणीत आवाजात परत केले. समितीत कोणीतरी खोकले.

"आईच्या दफनाच्या दिवशी तो सगळ्यांसमोर मला वाट्टेल ते बोलला."

तेही परत. बिशप घड्याळ पाहू लागले. फादर माइककडे वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "आई आजारी होती. तो दोन दिवस फोन करत होता. माझी सूची संपत आली होती. मी उचलला नाही."

डब्यातून पावती आली. मला फार वाईट वाटले; अहवालाच्या शिस्तीत हे बसत नसले तरी लिहितो.

आता बिशपांनी बसून पाहावे, असे मी नम्रपणे सुचवले. बिशपांना एक तातडीची बैठक आठवली. समितीतल्या अकराही जणांना तीच बैठक आठवली. ठराव उभ्याउभ्याच झाला: यंत्र सदोष आहे, सबब काढून टाकावे. स्वतंत्र खोलीही गेली. दोष कोणता, असे मी इतिवृत्तासाठी विचारले. "चालतंय ना ते," बिशप म्हणाले.

फादर तोवर स्वयंपाकघरात जाऊन फोन लावून बसले होते.

"भाऊ काय म्हणाला?" नंतर मी बाईंना विचारले.

"पाऊण तास फादरांची पापं मोजत होता."

"आणि फादर?"

"ऐकत होते. मध्ये एकदा डोळे पुसले, तेवढंच."

रांग आता पुन्हा दोन तासांची झाली आहे. सुज्ञ वाचकांना हे वाचताना एक माणूस हटकून आठवला असेल. जाऊबाई असतील, साहेब असतील, सख्खा भाऊ असेल. हे त्याला वाचायला द्यावे, असेही वाटले असेल. जरूर द्या. मात्र घाई करा, त्यानेही तुमच्यासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवली आहे.