धोंडूचा कौल

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण कादंबरीतल्या पात्रासाठी माणूस देवळात धाडण्याचा पराक्रम एकदाच केला. चिडून बोलून गेले, "माझ्याशी काय वाद घालतोस? जा, देवाला कौल लाव!" आणि सदू खरोखरच गेला.

सदूचं आचऱ्याच्या तिठ्यावर सायकलचं दुकान होतं. तासावर सायकल भाड्याने देणं, पंक्चर काढणं आणि उमा, जयवंत नि धोंडू यांची काळजी वाहणं, हे त्याचे तीन उद्योग. तिसऱ्यात तो इतका बुडालेला असे की पंक्चर घेऊन आलेल्याला ताटकळत बसावं लागे.

हे तिघे म्हणजे माझ्याच एका कादंबरीतली मुलं. गावच्या शाळेत नवी मास्तरीण होते तेव्हा वाढत्या वयाच्या मुलांसाठी मी ती लिहिली होती. तेरा वर्षांचे तिघे होडीतून खाडी ओलांडतात आणि देवळातली चांदी पळवणाऱ्या चोरांना पकडतात. सदू तेव्हा माझ्या वर्गात होता. शाळेच्या कपाटातून त्याने ते पुस्तक नेलं, ते आजतागायत आणतोय.

सदूच्या मते तो मोठा झाला तशी ती मुलंही मोठी होत होती. मी बाजाराला निघाले की तो हातातला पंप खाली ठेवी.

"बाई, उमाक चष्मा लागलो आसतलो, न्हय? कंदिलार वाचायची ती."

"लागला असेल."

"आणि धोंडू? टक्कल पडला काय? तेच्या बापाशीक टक्कल होता."

धोंडूच्या बापाला मी टक्कल दिलं होतं हे मलाच आठवत नसे. सायकलवर बसायला घाबरणाऱ्या पोराला सदू ऐकवी, "उमा तेरा वर्सांची आसताना भरतीत होडी वल्हवी. आणि तू ब्रेक असलेल्या सायकलीक भियतस?"

पुढे ऐंशीनंतर, गावात एकदोन घरांवर टीव्हीचे अँटेना दिसू लागले त्या सुमाराला, मुंबईच्या प्रकाशकांचा निरोप आला. त्या मुलांचं मोठेपणी काय झालं, ते लिहा. माझी चाळिशी उलटली होती आणि मी स्वतःला भलतीच मोठी लेखिका समजू लागले होते. चहात साखर घेत नसे. का, तर विचारी माणसं बिनसाखरेचा चहा पितात, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. माझी नात आता विचारते, "आजी, मग विचार यायचे का?" तोंड कडू व्हायचं, बाकी काही नाही.

सदूला बातमी लागली आणि प्रकरण लिहून झालं की ते त्याला वाचायला देणं मला भाग पडलं. तेलकट अंगठ्याच्या ठशांसकट कागद परत येत, आणि सोबत तक्रार.

"जयवंत बँकेत? बाई, तेका पाढे येय नव्हते!"

"नंतर शिकला."

"उमा दादरच्या शाळेत मास्तरीण झाली ता बरा केलात. चेडू हुशारच होता. पण धोंडूक हयच ठेवल्यात, ता बेस!"

धोंडू होडी चालवत गावातच होता, म्हणून सदूने त्या दिवशी दुकानावर येईल त्याला चहा पाजला. पुढच्याच प्रकरणात मी धोंडूला ट्रंक देऊन मुंबईच्या एस्टीत बसवलं. मोठं होणं म्हणजे मुंबईला जाणं, अशी माझी पक्की समजूत. दुसरं काही मला सुचलंच नाही.

सदू चपला न काढता थेट माजघरात आला.

"धोंडूक कित्याक धाडलात?"

"अरे, इथे राहून काय करणार तो?"

"होडी कोण बघतलो?"

"विकली."

"कोणाक?"

याचा मी विचारच केला नव्हता. उत्तर नसलं की मास्तरीण चिडते, तशी मी चिडले आणि ते कौलाचं बोलून बसले.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गाऱ्हाण्यात माणसाचं घराणं सांगावं लागतं. गुरवाने विचारलं, "धोंडू खंयचो? कोणाचो?" सदू अडखळला आणि म्हणाला, "बाईंचो."

झालं! "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या बाईंचो धोंडू गावात रवाचो काय?" असं गाऱ्हाणं भर सभामंडपात झालं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला दुजोरा दिला. मला दोन मुली, मुलगा नाही; संध्याकाळपर्यंत शेजारची काशीबाई दारात हजर. "बाई, तुमका दोन चेडवांच ना? मगे ह्यो धोंडू कोण?" आमचे हे पेपराआडून म्हणाले, "मलाही सांग. इतकी वर्षं कुठे ठेवला होतास त्याला?"

पाकळी डावीकडची पडली होती. देवानेही धोंडूला ठेवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सदू काही बोलायला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मीच तिठ्यावर गेले. तो चाकाचे आरे पिळत बसला होता. वर बघितलं नाही.

म्हटलं, "सदू, कादंबरी माझी आहे. ठेवते धोंडूला. देवाची समजूत मी घालीन."

त्याने मानेनेच नको म्हटलं. मला एकदम सदूचा तो वर्ग आठवला. मीच शिकवलेला. मुंबईत कोण गिरणीत, कोण गोदीत, कोण कचेरीत लागला हे मी सगळ्यांना मिरवत सांगत असे. गणपतीला ती मुलं काळे चष्मे लावून येत आणि सायकल भाड्याने घेताना म्हणत, "अरे सदू, तू हयच अजून?" तो हसून हवा भरून देई. तो हसतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे एवढ्या कादंबऱ्या लिहिणारी बाई मी, मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

सदूने चाक फिरवून पाहिलं, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "धोंडूक जाव दे, बाई. देवान सांगल्यान ता मोडूचा नाय. फक्त जाताना तेका माझ्या दुकानार थांबवा. ट्रंक सायकलीर घालून एस्टीपर्यंत मी नेतंय. आमच्या वर्गातलो एकय जण माका सांगान गेलो नाय."