तीन फूट टीका

बेलसरी नगरपरिषदेच्या सभेत पोलिसांवर टीका झाली, की ती मनाला लावून घेणाऱ्या पोलिसाची उंची जागच्या जागी दोन बोटं कमी होई. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. सभा संपली की ठाण्यातला कारकून एकेकाला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण करी, आणि मग सगळे चहा घेत. जे मनाला लावून घेत नसत त्यांना काही होत नसे. ठाण्याचे मोठे साहेब पोतनीस त्यामुळेच गेली चार वर्षं सहा फुटांचे सहा फूटच होते.

हवालदार मुरलीधर ढगे, म्हणजे अख्ख्या गावाचे ढगेमामा, भरती झाले तेव्हा पाच फूट आठ इंच होते. आता जेमतेम पाच फूट पाच उरले होते, आणि त्याच्या खाली गेलेला माणूस खात्यातून बाद, असा नियम. सोमवारी जिल्ह्याहून वरिष्ठ मोजपट्टी घेऊन यायचे होते. त्यात सात नंबर वॉर्डातल्या सार्वजनिक नळांच्या पितळी तोट्या एकामागून एक चोरीला जात होत्या, आणि तिथली गस्त नेमकी मामांकडे.

शनिवारी सभेच्या आधी मामा त्या वॉर्डाच्या नगरसेविका कुसुमताई वाघचौरे यांच्या दारात जाऊन उभे राहिले. ताई मेथी निवडत होत्या.

“ताई, आज जरा बेतानं बोला. परवा मोजणी आहे.”

“तोट्या सापडल्या का?”

“नाही अजून.”

“मग काय आरती ओवाळू तुमची? पहाटे बायका हंडे घेऊन येतात, तर पाणी सगळं गटारात. आणि मंगळवारी गस्तीच्या वेळी तुम्ही मारुतीच्या पारावर घोरत होतात की नाही, खरं सांगा.”

“होतो,” मामा म्हणाले.

“मग मी गप्प कशी बसू? मनाला लावून घेऊ नका म्हणजे झालं. तुमचे साहेब बघा.”

“करून पाहिलं ताई. नाही जमत हो.”

“बरं, मग कौतुक करते चार शब्द.”

“खोटं नको, तुमच्या पाया पडतो! खऱ्या कौतुकानं उंची वाढते, खोट्यानं भलतंच. मागे नगराध्यक्षांनी अभिनंदनाचा ठराव केला, तर शिपाई टेमकरचे नुसते कान वाढले. अजून टोपी बसत नाही त्याला.”

ताईंना वाईट वाटलं. पण वॉर्डात चारशे घरं होती आणि एकाही नळाला तोटी नव्हती. “मामा, मी बोलणार,” त्या म्हणाल्या.

आणि बोलल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनाही चेव आला. अकरा जण उठले, काही तर तीन-तीनदा. एकानं मामांच्या पोटावरही भाषण केलं, जे विषयपत्रिकेत नव्हतं. दाराशी बंदोबस्ताला उभे असलेले मामा आपले खाली खाली चालले. सभा आटोपली तेव्हा ते अडीच फुटांचे झाले होते आणि टोपी नाकावर आली होती.

घरी सुलभाकाकूंनी काही न विचारता गणवेश आत मुडपून, टाके घालून बेतात बसवला. “सव्वीस वर्षं घातलात,” त्या म्हणाल्या, “शेवटचे दोन दिवस गबाळा नको.” तेव्हा मात्र मामांना रडू आलं.

डोळ्याला डोळा लागेना, म्हणून रविवारी पहाटेच ते गस्तीला निघाले. नळामागच्या फरशीखाली पावसाळी पाण्याचा एक पाइप होता. उभ्या माणसाला तो कधी दिसलाच नव्हता. मामांच्या तो आता अगदी नजरेसमोर आला. आत पितळ चमकत होतं. मामा शिरले.

तोटीचोर आत रांगत होता. त्याला मानसुद्धा वर करता येईना. मामा टोपी सावरून, काठी काखेत मारून, ताठ चालत त्याच्यापाशी गेले.

“ऊठ!”

“उठता येत नाही, साहेब.”

“मग तसाच चल.”

गलका ऐकून बायका जमल्या, कुसुमताईही धावत आल्या. त्यांनी पाइपात वाकून पाहिलं आणि त्यांना राहवेना. “शाब्बास मामा! असा हवालदार अख्ख्या तालुक्यात—”

आत काहीतरी ठणकन आपटलं. “अहो ताई, थांबा! आधी बाहेर येऊ द्या!”

ताईंनी तोंडावर पदर धरला. चोर बाहेर आला, तोट्या आल्या, मागून मामा आले, आणि मग उरलेलं कौतुक ताईंनी सावकाश केलं. पारावरची झोप त्यांनी वगळली नाही, त्यामुळे मामा पाच फूट सातवर थांबले. सोमवारी मोजणी बिनबोभाट पार पडली. काकूंना तेवढा गणवेश पुन्हा उसवावा लागला.

महिन्याभरानं नगरपरिषदेकडे ठाण्याचा अर्ज आला. बाजारातल्या गोदामात चोर झरोक्यातून शिरतात. सबब हवालदार ढगे यांच्यावर तीन फूट टीका व्हावी, ही विनंती. मोठ्या साहेबांवर टीका करून उपयोग होत नाही, हेही खाली नमूद होतं. नगराध्यक्षांनी विषय तातडीचा म्हणून घेतला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

कुसुमताई बोलायला उठल्या आणि आधी दाराकडे वळल्या.

“मामा,” त्या म्हणाल्या, “आज मी बोलेन ते मनाला लावून घेऊ नका हं.”

“असं कसं ताई?” दारातून मामा म्हणाले. “लावून घेतलं नाही तर झरोक्यातून जाऊ कसा? चांगलं झोंबेल असं बोला.”

आणि त्यांनी टोपी काढून टेमकरच्या हातात दिली.