चार लेनचा ड्राइव्ह

बुटीबोरीच्या कापड कारखान्यात अस्मिताने सर्व्हरला नवा ड्राइव्ह बसवला आणि डिझाइन विभागातल्या शोभाताईंना म्हणाली, "आता उघडा फाइल. डोळ्याचं पातं लवायच्या आत येते का नाही, पाहा!"

शोभाताईंनी क्लिक केलं. पातं लवलं, पुन्हा लवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. तेव्हा कुठे साडीचा अर्धा काठ पडद्यावर उतरला.

"जुना काय वाईट होता वं?"

'दहापट पळतो' असं सांगून अस्मितानेच हा ड्राइव्ह कारखान्याचे मालक गिरिधर साहेबांच्या गळी उतरवला होता, आणि उद्या कोलकात्याचा व्यापारी चाळीस डिझाइनं पाहायला येणार होता. पण भीतीहून तिचं कुतूहल मोठं. तिने ड्राइव्ह तपासला, ठणठणीत. तापत असेल म्हणून सर्व्हरचं झाकण काढून शोभाताईंचा टेबलफॅन लावला. कारखान्यात उडणारा कापूस सगळा आत गेला. सर्व्हर तसाच हळू, वर त्याला पांढरी दाढी.

दाढी साफ करून तिने पुन्हा पडद्यावरच्या बारीक ओळी वाचल्या आणि ओरडलीच, "ताई, याले चार लेन लागतात, भेटून राहिली एक!"

"म्हणजे?"

"वर्धा रोडची गाडी इतवारीच्या गल्लीत शिरली!"

ड्राइव्हची खाच दिसायला लांबलचक होती, पण आतून जोडलेली होती एकाच लेनला, म्हणजे माहिती ये-जा करायच्या एकाच वाटेला. चार लेनच्या खाचेत भलतंच एक धुळकट कार्ड बसलं होतं.

"हे कोणाचं?"

"कोणाले माहीत नाही, म्हणजे कामाचं नाही," शोभाताईंनी निकाल दिला.

सर्व्हर बंद करून अस्मिताने ते कार्ड उपटलं, ड्राइव्ह तिथे बसवला आणि सर्व्हर सुरू केला. पाचच मिनिटांत रंग विभागातले सुमंतभाऊ निळ्या हातांनी धावत आले.

"मॅडम, माझं रंग जुळवाचं मशीन काहून मेलं?"

"हे कार्ड तुमचं? अहो, याले एक लेन पुरते! चार लेन अडवून कोणं बसवलं?"

सुमंतभाऊंनी निळे हात मागे घेतले. "मीच. पहिली जागा दिसली, खुपसलं."

कार्ड एका लेनच्या खाचेत गेलं, मशीन जिवंत झालं. शोभाताईंनी क्लिक केलं, तर बोट उचलायच्या आत अख्खी साडी पडद्यावर.

दुसऱ्या दिवशी गिरिधर साहेबांनी व्यापाऱ्यापुढे संत्रा बर्फी ठेवली आणि घसा खाकरला. "ये जो डिझाइन है..." डिझाइन आलंसुद्धा. "अगला," व्यापारी म्हणाला. तेही आलं. आजवर एक डिझाइन उघडेपर्यंत साहेबांचं कारखान्याचं कौतुक आणि पाहुण्याचा चहा व्हायचा. सहाव्या डिझाइनला पाहुणा थकून ऑर्डर देऊन टाकायचा.

आठ मिनिटांत चाळीसही संपली. व्यापाऱ्याने बर्फीचा दुसरा तुकडा उचलला. "अच्छा है. और दिखाइए."

गिरिधर साहेब दारात उभ्या अस्मिताजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अस्मिता, दुपारपर्यंत तीन लेन बंद ठेवता येतात का?"