बस्त्यावची वाट

पास्कूकाका रॉकेलच्या डब्याची माफी मागत. तीही अंगणात उभं राहून, मोठ्याने. "माफ कर, बस्त्याव. चूक खिल्याची, तुजी न्हाय." मी डोंगरी या किनाऱ्यावरच्या गावात नवा मास्तर म्हणून आलो, त्यांच्या शेजारची खोली घेतली, आणि पहिल्याच सकाळी हे कानावर पडलं. घरमालकाने भाडं सांगितलं होतं, शेजार सांगितला नव्हता.

बस्त्याव म्हणजे काकांनी बनवलेला यंत्राचा माणूस. धड रॉकेलच्या डब्याचं, खाली बाबागाडीची चाकं, पोटात ग्रामोफोनची स्प्रिंग आणि खिळे ठोकलेला एक लाकडी रूळ. चावी दिली की रूळ फिरे आणि ज्या खिळ्याची पाळी येई तो हुकूम सोडे: सरळ चल, डावीकडे वळ, थांब. काकांचा जन्म मुंबईच्या गिरणीत फिटर म्हणून हुकूम ऐकण्यात गेला होता. आता ते उट्टं काढत होते.

अर्थात हा नुसता रिकामपणाचा उद्योग नव्हता. काकांच्या बायकोची, मारीकाकींची, दृष्टी गेली होती. मे महिन्यात रोज संध्याकाळी वाटेच्या टोकाच्या क्रुसापाशी सगळा गाव लदीन गायला जमे, आणि पहिला सूर लावून ही प्रार्थना उचलायचा मान काकींचा. पण आंधळेपण आल्यापासून त्या गेल्याच नव्हत्या. हात धरून जायचं म्हणजे त्यांना मरण. यंत्राचा दांडा धरायला मात्र त्या कबूल झाल्या. "त्यो डबा 'आंधलीला नेली' म्हनून कुनाला सांगत फिरनार न्हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी वाट पावलांनी मोजली, पण खिळे बसवले घरातल्या सारवलेल्या जमिनीवर चालवून. बाहेर सगळी रेती. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, रूळ मात्र वेळेचा पक्का. पहिल्याच फेरीला बस्त्याव अर्ध्या वाटेत डावीकडे वळला आणि वाटेवर राहणाऱ्या मार्थाबायच्या वाळत घातलेल्या बोंबलांत घुसला. बाहेर आला तो गळ्यात बोंबलांची माळ घालून. मार्थाबायने दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. काकांनी बोंबील तिला परत दिले आणि माफी बस्त्यावची मागितली.

मग खिळे बदलणं सुरू झालं. वळणं जमली, पण रेती ओढताना स्प्रिंग निम्म्या वाटेतच दम टाकी, आणि लढाईच्या दिवसांत नवी स्प्रिंग कुठून मिळणार? "थोडं मागून ढकला की," मी सुचवलं.

काका भडकले. "मास्तर, यंत्र आपल्याआप चालला पायजे! मागून ढकलला तर ती हातगाडी!" आणि गिरणीतले बूट करकरवत निघून गेले. ते बूट वळणावर वाजले की काकी इकडे चहाचं आधण ठेवीत.

मे उजाडला. पहिल्या संध्याकाळी बस्त्याव निघाला. काकी दांडा धरून, ताठ मानेने. मार्थाबायच्या ओट्यापाशी तो घरघरला आणि थांबला. पण क्षणभरात स्वारी पुन्हा चालू लागली.

मी पुढे झालो तर काका बस्त्यावच्या मागे कमरेत वाकलेले, अनवाणी, श्वास रोखून डबा ढकलत होते. बूट मार्थाबायच्या ओट्यावर होते. ती तोंडाला पदर लावून गप्प उभी होती. गप्प मार्थाबाय मी प्रथमच पाहिली.

क्रुसापाशी लोकांनी वाट करून दिली. काका माडाआड सटकले. काकींनी क्रूस हाताने चाचपला आणि लदीन उचललं. त्या खणखणीत आवाजामागे सगळा गाव गायला लागला.

लदीन संपल्यावर मी काकींजवळ गेलो. "बघा, आपोआप आला की नाही?" मी धडधडीत खोटं बोललो.

"आला तर!" काकींनी बस्त्यावची पाठ थोपटली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, त्याला सांगा, उद्या बूट घालून ये म्हनावं. रेती तापलेली हाय. करकर झाली तरी मला ऐकू येनार न्हाय."