माघारीसाठी उमेदवारी

नागरिकाचे म्हणणे कोणीतरी शांतपणे ऐकून घेईल, असे प्रसंग आयुष्यात दोनच येतात. पहिला, दंतवैद्य त्याला तोंड उघडायला सांगतो तेव्हा (पण तेव्हा बोलता येत नाही). आणि दुसरा, त्याने अपक्ष म्हणून उमेदवारी भरल्यापासून ती मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत.

इस्त्रीवाल्याला हे सत्य जरा उशिरा कळले. त्याच्या दुकानासमोरचे गटार उघडे होते. गिऱ्हाइकाला यायचे तर उडी मारावी लागे, आणि परत जाताना तर घडीचे कपडे सांभाळत, दोन्ही हात गुंतलेले असताना मारावी लागे. एका वकिलाचा पांढराशुभ्र सदरा गटारात पडला, तेव्हापासून गिऱ्हाइके समोरच्या नव्या लॉन्ड्रीकडे वळू लागली. गटारावर एक फरशी टाकावी, एवढीच इस्त्रीवाल्याची मागणी होती. नाहीतर दुकानाला कुलूप लागणार हे उघड होते. त्याने नगरपालिकेत इतके अर्ज दिले, की तिथला कारकून एकदा मायेने म्हणाला, "दादा, आता नवा लिहायचे कष्ट घेऊ नका. आम्ही जुनाच पुन्हा वाचत नाही."

शेवटी शेजारच्या शिंप्याने त्याचे डोळे उघडले. शिंपी हा मुरलेला अपक्ष. नगरपालिका आणि विधानसभा धरून त्याने आजवर पाच वेळा माघार घेतली होती, आणि पराभव एकदाही पाहिला नव्हता. (असा अजिंक्य नेता कोणत्याही पक्षाकडे नाही.) खिडकीशी रस्त्याचा दिवा, दारात नळ, मेव्हण्याला चिकटवलेली नोकरी, ही सगळी त्याच्या त्यागाची फळे.

"अरे, तू अर्ज केलास, पण चुकीचा केलास," शिंपी म्हणाला. "तक्रारीचा अर्ज कोण वाचतो? नगरपालिकेची निवडणूक आलीच आहे, उमेदवारीचा भर. तिन्ही पक्ष दारात येतात की नाही बघ. 'मागे घ्या हो' म्हणतील. तू नुसतं नाही-नाही म्हणायचं आणि मधूनमधून गटाराकडे बघायचं."

इस्त्रीवाल्याने उमेदवारी भरली. बायकोने ठेवणीतले कप काढले, शेजारणीकडून खुर्च्या आणल्या, आणि रोज जेवणानंतर त्याची तालीम घ्यायला सुरुवात केली. पक्षाचा माणूस तीच व्हायची.

"साहेब, मोठ्या मनानं अर्ज मागे घ्या."

"घेतो."

"अहो, लगेच काय घेताय! चहा तरी होऊ दे!"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच दार वाजले. आलेल्या गृहस्थाला चांगल्या खुर्चीत बसवले, चहा दिला, बिस्किटे दिली. त्याने तोंड उघडताच इस्त्रीवाला कडाडला, "नाही म्हणजे नाही! जनतेशी गद्दारी होणार नाही!" गृहस्थाचा कप हिंदकळला. तो विजेचा मीटर वाचायला आला होता. "नाही तर नाही, पुढच्या महिन्यात येतो," असे म्हणून त्याने काढता पाय घेतला.

त्यानंतर कोणीच आले नाही. दुपार कलली तशी बायकोला घाम फुटला. "अहो, जा आणि तुमचा अर्ज तुम्हीच मागे घेऊन या."

शिंपी उसळलाच. "कोणी मागितलं नसताना माघार? वहिनी, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून कोणी दुकान वाटून टाकतं का?"

या तत्त्वचर्चेत मुदत संपली आणि इस्त्रीवाला कायदेशीररीत्या उमेदवार झाला.

कोणी का आले नाही, याचे कारण शास्त्रीय आहे. पहिल्या पक्षाच्या हिशेबाने इस्त्रीवाला दुसऱ्याची मते खाणार होता, दुसऱ्याच्या हिशेबाने तिसऱ्याची, आणि तिसऱ्याच्या हिशेबाने पहिल्याची. (तिघांचेही हिशेब बरोबर होते.) त्यामुळे पहिल्याने गुपचूप त्याची पत्रके छापून दिली, दुसऱ्याने भोंग्याची गाडी पाठवली आणि तिसऱ्याने सभेला माणसे पुरवली. वॉर्डातला सर्वात धडाक्याचा प्रचार त्याचाच झाला. शेवटच्या सभेत तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो, मला निवडून यायचंच नव्हतं!" असा निःस्वार्थी माणूस शोधून सापडणार नाही, असे म्हणत लोकांनी त्याला दणक्यात निवडून दिले.

निकाल लागताच तो धावत नगरपालिकेच्या इंजिनियरकडे गेला.

"नगरसेवकाच्या स्वतःच्या दुकानासमोर फरशी?" इंजिनियर दचकले. "साहेब, हा हितसंबंध झाला! दुसरीकडे कुठेही सांगा, उद्या टाकतो."

तशा त्यांनी टाकल्याही. वर्षभरात वॉर्डातल्या बाकी सगळ्या गटारांवर फरश्या आल्या. समोरच्या लॉन्ड्रीपुढे तर इतकी गुळगुळीत आली, की गिऱ्हाइके मुद्दाम दोनदा चालून बघत. इस्त्रीवाल्यासाठी नियमात एकच फट होती: घरचा नाही, त्याच्या उमेदवारीचा सूचक नाही (म्हणजे शिंपी बाद), अशा कोणा एका नागरिकाने लेखी मागणी केली, तर त्याच संध्याकाळी काम होईल.

इस्त्रीवाल्याने अर्ज स्वतः लिहिला आणि त्यावर हलकी इस्त्रीही फिरवली. फक्त सही तेवढी राहिली. उरलेली गिऱ्हाइके उडी मारून आली, की तो पेन पुढे करू लागला.

"मी? नको हो, उगाच नाव कशाला पुढे करायचं?"

"करेल की कोणीतरी. एवढी माणसं येतात."

"करतो, करतो. आधी पँट झाली का?"

हे वाचून वाचकांना त्या गिऱ्हाइकांचा संताप येणे स्वाभाविक आहे. ती माणसे कोण, हेही जाणून घ्यावेसे वाटेल. इस्त्रीवाल्याला ती चांगली ठाऊक आहेत. काल संध्याकाळी आपण निळा सदरा घेऊन निघालात, उडी मारलीत, आणि पलीकडे उभे राहून म्हणालात, "इथे कधी काही सुधारणार नाही." त्याने आपल्याला हाक मारली होती. पण आपण घाईत होतात. ही गोष्ट वाचायची राहिली होती.