रामधनची वीट

"दिग्रसमध्ये एक भूत दाखवा, मी इथेच, या चौकात, कान धरून पन्नास उठाबशा काढतो," मधुसूदन सर म्हणाले आणि विषय संपला अशा थाटात त्यांनी कप बशीत ठेवला.

पंजाबरावांच्या चहाच्या टपरीवर बसलेले चौदा-पंधरा जण एकदम सावरून बसले. त्यांना भुताची फारशी पडलेली नव्हती. उठाबशांची पडलेली होती. सरांनी चौतीस वर्षं गावात विज्ञान शिकवलं. वर्गात कोणी भूत हा शब्द काढला की वीस उठाबशा, चिंचेवर हडळ पाहिली म्हणणाऱ्याला तीस. पंजाबरावांनी आठवीत असताना आजीच्या अंगात येतं असं सांगून चाळीस काढल्या होत्या. अर्ध्या गावाच्या मांड्या सरांनीच घडवलेल्या होत्या. ते मागे हटू नयेत म्हणून कोणीतरी त्यांच्यासाठी लगेच दुसरा चहा सांगितला.

वादाचं कारण भोंगा. टपरीसमोरचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं. त्याचा भोंगा वाजवणारा रामधन आठ वर्षांपूर्वी वारला. आणि गेल्या सोमवारपासून दुपारी बरोबर बारा वाजता तो भोंगा पुन्हा वाजायला लागला होता. वीज कापलेली, बॉयलर भंगारात गेलेला, गेटला कुलूप. तरी भोंगा.

एके काळी गाव घड्याळावर नाही, रामधनवर चालायचं. सातच्या भोंग्याला पोरं उठायची, बाराच्या भोंग्याला ताटं वाढली जायची, पाचच्या भोंग्याला अख्ख्या गल्लीचा चहा उकळायचा. शाळेचा शिपाई घंटा त्यावरच द्यायचा. पोर कधी झालं विचारलं तर बायका "बाराच्या भोंग्याच्या जरा आधी" म्हणायच्या आणि पत्रिका त्यावरच बनायची. एकदा रामधनला ताप आला आणि भोंगा वीस मिनिटं उशिरा झाला. पुसदची बस निम्म्या लोकांना न घेता निघून गेली. लोकांनी शिव्या दिल्या त्या बसवाल्याला. लवकर गेला म्हणून.

त्यामुळे सोमवारी भोंगा झाला तेव्हा कोणी घाबरलंच नाही. शिंप्याने कात्री ठेवली, मेडिकलवाल्याने गिऱ्हाईक समोर असताना शटर अर्धं ओढलं. मधुसूदन सरांनी पेपर बाजूला ठेवून हात धुतले आणि पाटावर जाऊन बसले. त्यांच्या पत्नीने, कुंदाबाईंनीही, तव्यावर पोळी टाकली. जिनिंग बंद आहे हे दोघांच्या लक्षात आलं तेव्हा सरांची दुसरी पोळी चालू होती. गावाला भीती वाटली ती जेवणं उरकल्यावर.

"रामधनच हाय थो," पंजाबराव म्हणाले. "मी सहा वर्षं त्याच्या हाताखाली होतो. शेवटाले जरासा दाबून सोडे थो. तसाच आवाज येऊन राह्यला."

सर म्हणाले, मग आज आपण स्वतःच आत जाऊन येतो.

"सर, नका जाऊ," प्रफुल्ल मध्येच बोलला. हा लग्नामुंजीला लाउडस्पीकर लावणारा, पायल साउंड सर्व्हिसचा मालक, सरांचा जुना विद्यार्थी. "कायले नसती भानगड घेता?" त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. नववीत प्रयोगवही घरी राहिली की असाच उतरायचा. सरांना त्याची कीव आली.

पावणेबाराला सगळी मंडळी पडक्या भिंतीच्या खिंडारातून जिनिंगमध्ये शिरली. भोंग्याची खोली मागच्या बाजूला. पत्र्याचं दार उघडं, आणि ते उघडंच राहावं म्हणून खाली टेकवलेली एक वीट.

"विटेले हात नका लावू सर," पंजाबराव दहा पावलांवरून म्हणाले. "रामधन कोनाले लावू देत नव्हता."

"का लावू देत नव्हता?"

"थे नाही माहीत."

"हीच ती अंधश्रद्धा," सर मागे वळून सर्वांना म्हणाले. "का, हे कोणी विचारतच नाही." आणि त्यांनी चपलेने वीट लांब सारली. का, हे त्यांनीही पुढे विचारलं नाही.

आत जुन्या कापसाचा ढीग आणि वीतभर धूळ. पण सरांचा डोळा चौतीस वर्षं पोरांच्या दप्तरातल्या कॉप्या शोधून तयार झालेला. दोन मिनिटांत त्यांना खिडकीला बांधलेला कर्णा सापडला. कर्ण्याला ॲम्प्लिफायर, ॲम्प्लिफायरला एक जुना मोबाइल आणि बॅटरी, आणि मध्ये बाराला लावलेलं घड्याळ. ॲम्प्लिफायरवर लाल रंगात लिहिलं होतं, पायल साउंड सर्व्हिस. सरांना इतका आनंद दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता. भूत सापडलं होतं, आणि ते नववीत विज्ञानात नापास झालेलं होतं.

तेवढ्यात वारा आला आणि दार आदळलं. त्या दाराची बाहेरची कडी अशी आहे, की दार आदळलं की आपोआप खाली पडते. म्हणून रामधन तिथे वीट ठेवायचा. त्या विटेचं गूढ एवढंच होतं.

मग बारा वाजले. कर्णा सरांच्या कानापासून हातभर अंतरावर होता. सर उडाले ते सरळ कापसाच्या ढिगात. तिथूनच हात लांब करून त्यांनी हाताला लागली ती बॅटरीची वायर उपटली आणि भोंगा मध्येच गपकन थांबला.

आजवर भोंगा मध्येच कधी थांबला नव्हता. बाहेरची मंडळी गेटापर्यंत पळाली आणि मग सरांचं काय झालं ते पाहायला तितक्याच वेगाने परत आली.

"पंजाबराव, दार उघडा," आतून आवाज आला.

कोणी हललं नाही. पंजाबरावांनी हळू आवाजात समजावून सांगितलं, की भूत ओळखीच्या मानसाचा आवाज काढून हाक मारते. पण दोनदाच मारते. तिसरी हाक आली तर मानूस समजायचं.

"पंजाबराव!" दुसरी हाक आली. तिसरीच्या वेळी सरांच्या घशात कापसाची धूळ गेली आणि नुसता घोगरा खोकला बाहेर पडला. झालं. कोणीतरी नारळ आणायला धावलं.

सरांनी आतून ओरडून सांगितलं, मी मधुसूदन, भूत वगैरे काही नसतं. पंजाबराव म्हणाले, असंच म्हणते ते. मग मेडिकलवाल्याने परीक्षा घ्यायचं सुचवलं.

"सर असान तं आर्किमिडीजचं तत्त्व सांगा."

सरांनी सांगितलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, घडघड, जसं दरवर्षी सांगायचे तसं.

"बरोबर हाय का?" पंजाबरावांनी विचारलं.

"कोनाले माहीत," मेडिकलवाला म्हणाला.

चौदा माजी विद्यार्थी एकमेकांकडे पाहत होते. त्यातल्या एकालाही येत नव्हतं. दाराआड सर कापसावर बसून राहिले. कोंडलं गेल्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. मग त्यांना आठवलं, की आपल्या हातात पुरावा आहे. ॲम्प्लिफायरवरचं नाव मोठ्याने वाचलं की काम झालं. उठाबशा वाचल्या, आणि त्या प्रफुल्लला काढायला लावता येतील. त्यांनी दाराच्या पत्र्यातल्या भोकाला डोळा लावला.

समोरून बसंतीबाई येत होत्या. रामधनची बायको. हातात डबा.

बसंतीबाई दोन वर्षांपासून जेवायचं विसरत. एकट्याच राहायच्या. शेजारचा प्रफुल्ल आणि त्याची बायको ताट घेऊन गेले की म्हणत, अजून भोंगा व्हायचा हाय. आणि संध्याकाळ झाली तरी ताट तसंच झाकलेलं. कुंदाबाईंनी हे सरांना दिवाळीतच सांगितलं होतं, आणि सरांनी विस्मरणाची शास्त्रीय कारणं समजावून दिली होती. या सोमवारपासून मात्र बसंतीबाई बाराला पोटभर जेवतात, हेही कुंदाबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा सर पेपर वाचत होते.

लोकांनी वाट दिली. बसंतीबाई दारापाशी आल्या.

"काहो, आज अर्धाच काहून वाजवला?" त्यांनी विचारलं. "तब्येत बरी हाय ना? मी जेवू का थांबू?"

सरांनी भोकातून पाहिलं. बसंतीबाईंच्या मागे प्रफुल्ल उभा होता. दोन्ही हात जोडून, थेट भोकाकडे पाहत. सरांच्या हातात उपटलेली वायर होती. आयुष्यभर वाट पाहिलेली संधी समोर होती आणि ओठांवर साउंड सर्व्हिसचं नाव.

"जेवून घे," सर म्हणाले. आवाज घोगरा होताच. "तब्येत बरी हाय माही."

पंजाबराव मटकन खाली बसले. "रामधनच," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग सातचा आन पाचचा काहून नाही वाजवत?" बसंतीबाईंनी विचारलं.

सरांना इतका अवघड प्रश्न चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

"आता एकच पाळी असते."

"बरं हाय," बसंतीबाई म्हणाल्या. "लय राबले तुमी." त्यांनी डबा दाराशी ठेवला. भाकर आणि पिठलं आहे, मीठ कमी असेल तर घरी आल्यावर सांगजा, असं सांगून त्या आपल्या जेवणाला निघून गेल्या. जाताना पदराने तोंड पुसत होत्या, पण चाल हलकी होती.

त्या नजरेआड गेल्यावर प्रफुल्लने पुढे होऊन कडी काढली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र सर कापसातून बाहेर आले. तिघे जण पळाले ते थेट बसस्टँडवर थांबले.

"सर, आत कोन हाय?" पंजाबरावांनी विचारलं.

प्रफुल्लने डोळे मिटून घेतले. सरांनी वायर खिशात खोल सारली.

"रामधन आहे," सर म्हणाले.

मग ते चौकात आले आणि त्यांनी कान धरले. भिडेखातर कोणी नको म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. कोणी म्हटलं नाही. उरलेल्या सगळ्यांनी एका सुरात मोजलं, शिंप्याने मोबाइलवर चित्रण केलं, मेडिकलवाल्याने "पूर्ण बसा सर" असं सुचवलं. 'सर' सोडून हेच शब्द सरांनी त्याला सातवीत ऐकवले होते. अकराव्या उठाबशीला उजवा गुडघा अडकला. खाली बसलेल्या सरांना चौघांनी तसंच उचलून घरी पोचवलं. तोवर ते चित्रण शाळेच्या ग्रुपवर गेलं होतं आणि पुण्यातून, नागपुरातून, एक दुबईतूनही, जुन्या विद्यार्थ्यांचे नमस्कार यायला लागले होते. काहींनी लिहिलं होतं, सर, उरलेल्या एकोणचाळीस?

वीट त्याच संध्याकाळी पिंपळाखाली गेली. सरांनी तिला पायाने सारलं आणि भोंगा मोडला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेंदूर लागला, नारळ फुटला.

प्रफुल्ल घरी आला आणि सरांच्या न दुखणाऱ्या पायाला हात लावला. जिनिंग बंद झालं त्या दिवशी त्याने मोबाइलमध्ये शेवटचा भोंगा भरून ठेवला होता. कायले भरला थे बी माहीत नाही, म्हणाला. पुढे तो असा उपयोगी पडला. आता उद्या वायर जोडतो म्हणाला.

कुंदाबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. "त्यालाच जोडू द्या हो," त्या म्हणाल्या. "इतके दिवस त्याने जोडलीच ना."

"त्याला प्लस-मायनस कधी कळलं नाही," सर म्हणाले. "मी जोडतो. विज्ञानात चूक होत नसते."

रविवारी पावणेबाराला सर काठी टेकत भोंग्याच्या खोलीत शिरले. दाराशी कालचा डबा तसाच होता, तो उचलून आत घेतला. चष्मा घरी राहिला होता, पण वायरी दोनच होत्या. बारा वाजता ॲम्प्लिफायरमधून ठिणगी उडाली, कापसाचा ढीग धुमसला आणि पत्र्याच्या फटींतून काळा धूर वर चढला. भोंगा झाला नाही.

रामधनने आता बॉयलरही पेटवला, असं पंजाबरावांनी टपरीवर सांगितलं. बसंतीबाईंनी अंगणातून धूर पाहिला आणि ताट वाढून घेतलं. नगरपालिकेची आगीची गाडी साडेबाराला आली. सर आतच होते. दार लागलेलं होतं आणि वीट पिंपळाखाली होती.