कॉम्प्युटरपुढचं गाऱ्हाणं

आमचे भावजी कॉम्प्युटर सुरू करताना गाऱ्हाणं घालतात, देवळात साकडं घालतात तसं. चेष्टेत नाही, हात जोडून. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज जा काय पान करूक घेतल्यान हा, ता अर्ध्यार अडकू नको रे म्हाराजा!" मग मान वळवून थांबतात. कोणीतरी "व्हय म्हाराजा!" म्हटल्याशिवाय बोट बटणावर पडत नाही. घरात बहुतेक वेळा मीच असते. मी चुलीकडून हळूच म्हणते.

"ऐकाक येवक नाय गो वयनी!"

मग परत, जरा मोठ्याने.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, बाबली. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही. घरातले बाकी पुरुष होडीवर जातात, हे कणकवलीला कॉम्प्युटर शिकले आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांसाठी इंटरनेटवरची पानं करू लागले. वस्तू लागेल तेव्हाच आणायची, आणि आधी कोण, मग कोण हे ठरवूनच, हे त्यांचं वेड. एकदा सोलकढीसाठी कोकमं आणायला सांगितलं, तर "आधी नारळ फोडलस?" म्हणून विचारलं आणि तो फुटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.

सासूबाई म्हणतात, "ह्येका बायल मिळाक नाय ती ह्याच्यासाठीच. 'आधी कोण, आधी कोण' करीत रवलो."

एका वर्षी माझी मुलगी सुगंधा कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती. चतुर्थीला तिला सुट्टी मिळाली नाही. घरचा गणपती चुकायची तिची पहिलीच वेळ. फोनवर रडायलाच लागली. भावजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "रडा नको गो बाय. देव जावच्या आधी तुका घरातलो गणपती दाखयतंय. होस्टेलात कॉम्प्युटर आसा मा?"

आमचा गणपती पाच दिवसांचा. भावजींनी देवाचे, आराशीचे, आम्हा सगळ्यांचे फोटो काढले आणि पान करायला बसले. त्यांनी मला समजावलं ते असं. फोटो दाखवायला स्क्रिप्ट लागतात, म्हणजे कॉम्प्युटरने काय करायचं त्याच्या सूचना. पहिली फोटो सरकवते, दुसरी तो मोठा करते, आणि दोघींना तिसरी लागते. ती आधी आली नसेल तर पान कोरं. होस्टेलची लाइन इतकी मंद की सगळं एकदम मागवलं तर काहीच पोचत नाही. म्हणून मुलगी जे दाबेल तेवढ्यापुरती स्क्रिप्ट मागवायची, आणि ती आली की पुढची. पण ती आली हे कळायचं कसं? ज्यातून इंटरनेट बघतात त्याला ब्राउझर म्हणतात. भावजींचा ब्राउझर लगेच कळवायचा. होस्टेलमधला होता जुना, दुसऱ्याच जातीचा.

दुसऱ्या दिवशी सुगंधाचा फोन आला. "काका, पान कोरा दिसता."

"म्हणजे तुझो तो ब्राउझर 'व्हय म्हाराजा' म्हणनाच नाय! आता स्क्रिप्ट इली काय नाय कसा कळतला माका?"

त्यांनी कणकवलीच्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, जुन्याचा नाद सोड, हल्ली कोण वापरतं? "माझी पुतणी वापरता," भावजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी तहानभूक सोडली. मी भात वाढायची, तो तसाच निवायचा. शेवटी छडा लागला. जुनाही कळवतो, पण त्याची हाक वेगळी. भावजींनी ती हाक ऐकायची सोय केली. चौथ्या दिवशी आरतीच्या वेळेला फोन आला.

"काका, दिसलो! पण दोन दोन गणपती दिसतत!"

भावजींनी ते मोठ्याने सांगितलं तशी सासूबाईंनी आरतीचं तबक खाली ठेवलं. "एका घरात दोन गणपती? बाबल्या मेल्या, काय केलंस रे ह्या!"

"आवशी, रव गे. तो दोनदा सांगता. आधी 'इली' म्हणता, मगे 'सगळी इली' म्हणता. मी दोनय वेळा देव बसयलंय."

"मगे एकाचा विसर्जन कर आधी!"

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत ते झालं. पहिली हाक ऐकली की दुसरीकडे कान बंद करायचे, असं त्यांनी त्या पानाला शिकवलं. तोवर अंगणात भजनी मंडळी जमली होती. माझे मिस्टर देव उचलायला वाकले तर भावजी आडवे आले. "रवा, रवा! पोरगी बघता."

सगळे खोळंबले. ढोलकीवाला उगाच बोटं वाजवत राहिला. फोन वाजला तेव्हा मीही कान लावून उभी राहिले.

"काका, एकच दिसता! दाबल्यार मोठोय होता! आजी दिसता, आई दिसता, बाबा होडीर बसलेलो दिसता..." मग ती थांबली. "काका, तू खंय आसस?"

"मी? मी हयसरच, फोनार."

"फोटोत रे!"

कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा. तो त्यांच्याकडे वळवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. फोन माझ्याकडे देऊन ते देवाकडे निघाले. मी फोन सासूबाईंना दिला आणि टेबलावरचा कॅमेरा उचलला. तोवर मी त्याला हात लावला नव्हता.

"भावजीनू, देवाच्या बाजूक उभे रवा."

"माझो कित्याक गो?"

"रवा म्हणतंय मा."

माणसं मागे सरली. इतक्या लोकांसमोर मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. भावजी गणपतीशेजारी उभे राहिले, हात शिपायासारखे सरळ. मग शर्टाचं वरचं बटण लावलं.

"वयनी," त्यांनी हळूच विचारलं, "हसू काय गो?"

"हसा," मी म्हटलं.

त्यांना ते नीट जमलं नाही. मी तसाच काढला.